लॉगशीट

महबुला. ऑगस्ट. रात्रीचे पावणेदोन.
बाहेर अजून एकोणचाळीस.
खोलीत सहा खाटा, पाच घोरणारे,
आणि टेबलाखाली, कूस उघडी टाकून, माझा पीसी.

भाताचा कुकर बंद आहे ना, हे आधी बघायचं.
दोघं एकत्र चालले की ब्रेकर पडतो
आणि उबेद मुकादम अंधारात
खेडच्या भाषेत माझ्या सात पिढ्या मोजतो.

दिवसा मी छतांवरचे चिलर सांभाळतो.
पाणी जातं किती, येतं किती, हवा किती,
दर तासाला कागदावर.
त्या छापील कागदांची एक चळत घरी आणली आहे.
'चिलर क्रमांक' खोडून एकावर लिहिलं : प्रोसेसर.
दुसऱ्यावर : ग्राफिक्स कार्ड.
पहिली ओळ, कारखान्यातून आलं तसं. हात न लावता.
ही ओळ ज्यानं लिहिली नाही
त्याला परतीची वाट नाही.

हवल्लीच्या दुकानातला पोरगा म्हणाला,
काका, थेट पाच पॉइंट दोनवर टाका, माझा चालतो.
तुझा चालतो रे.
पण एकाच आव्यातली दोन मडकी,
एक खणखणतं, एक नुसतं बद्द.
वाजवल्याशिवाय कळत नाही.

म्हणून आधी धूळ; इथली धूळ पिठासारखी बसते.
मग जुनी पेस्ट पुसून नवी, वाटाण्याएवढी.
मग एक पायरी. एकच.
आणि तासभर छळ,
चाचणीचं नावच ते आहे.
बहात्तर. चौऱ्याहत्तर. शहात्तरला थांबलं. लिहिलं.
दुसरी पायरी, एकोणऐंशी. लिहिलं.
तिसरीला पडदा निळा, मग काळा, मग पुन्हा पहिल्यापासून.
व्होल्टेज केसभर वाढवलं, तर चाललं. पण एक्क्याण्णव.
कॉम्प्रेसरही असाच असतो,
शेवटच्या चमचाभर गारव्यासाठी बादलीभर वीज पितो.
दुसऱ्या पायरीवर परत आलो.

कार्डाची परीक्षा मी बर्फात घेतो.
गाडी पळवायचा खेळ, कुठल्याशा थंड देशातला घाट,
काचेवर सतत भुरभुर.
मुद्दाम निवडलास, उबेद म्हणतो. असेल.
पंधरा-पंधरानं चढवत गेलो.
एकशेवीसपर्यंत बर्फ पांढरा.
एकशे पस्तीसला वळणावर चार हिरवे ठिपके,
मग दहा, मग कुणी मूग सांडावेत तसे
रस्ताभर.
सुंदर दिसत होतं, खरं सांगायचं तर.
कागदावर तसा रकाना नाही.

लिहायला कागद ओढला, तो सकाळचा निघाला.
छतावरच्या शीटची कार्बन प्रत.

१०.०० हवा ४७. बिष्णू सावलीला बसला.
१०.१५ बसलेलाच. पाणी दिलं.
१०.३० फोरमन : अकराला बंदीच आहे, तोवर ओढा.
१०.४० बिष्णू उठला.

अक्षर माझंच. ओळी सरळ.
शेवटच्या रकान्यात, शेरा :
चिलर दोन सुरळीत.

चौथ्या खाटेवर बिष्णू झोपलेला,
तोंड उघडं, एक हात खाली लोंबता.
त्याच्या उशाशी बाटली रिकामी होती. भरून ठेवली.

परत येऊन कार्ड एकशे पाचवर आणलं.
एकशेवीसला चालत होतं, तरी.
तासभर घाटात गाडी फिरवली,
एकही मूग नाही.
मग नवा कागद घेतला, 'चिलर क्रमांक' खोडलं
आणि त्या जागी काय लिहावं ते न सुचून
पेन तसंच धरून बसलो.

साडेतीनला उबेद उठला, तांदूळ धुतले,
कुकरची वायर हातात घेऊन माझ्या डोक्यावर उभा :
बंद कर तुजा तो बरफ.
भात लावतोय.